नेब्युलायझरचे औषध नाकाने ओढावे की तोंडाने?

प्रश्न : आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, ६७ वर्षांचे आहेत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांची उभी हयात गेली. आता त्यांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असल्याचे निदान झाले असून सकाळ-संध्याकाळ घरीच नेब्युलायझरवर आधी ड्युओलिन (श्वासनलिका रुंद करणारे औषध) आणि मग बुडेकॉर्ट (सूज कमी करणारे स्टेरॉइड) मास्कने देतो. दवाखान्यातील सिस्टरांनी ‘तोंडाने ओढा’ असे सांगितले होते. परंतु मामा ज्या योगवर्गाला जातात तेथील गुरुजींचे म्हणणे असे की श्वास नेहमी नाकानेच घ्यावा. तेव्हापासून मामा मास्क लावून तोंड घट्ट मिटून बसतात. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीलाही ऊसतोडीच्या हंगामात धाप लागते आणि अधूनमधून हेच मशीन लावावे लागते. औषध तोंडानेच घ्यायचे असेल तर नाक झाकणारा मास्क दिला कशाला? औषधात निलगिरीचे दोन थेंब टाकले तर छाती लवकर मोकळी होते, असेही शेजारी सांगतात. मामांना काचबिंदू आहे, त्यासाठी ते डोळ्यांत थेंब घालतात; बाकी काही त्रास नाही.
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, नमस्कार.

मामांनी औषध तोंडानेच ओढावे, आणि जमत असेल तर मास्क बाजूला ठेवून माउथपीसने, म्हणजे तोंडात धरायच्या नळीने, ओढावे. मुलीचे उत्तर थोडे निराळे आहे; तिच्या बाबतीत नाक की तोंड यापेक्षा मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसतो की नाही, हे आधी पाहावे लागते. निलगिरी मशीनमध्ये अजिबात घालू नये. शिवाय तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता जे काचबिंदूचे लिहिले आहे, ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याकडे पुढे येतोच.

गुरुजींचे म्हणणे मोडीत काढून मामांना काही पटवता येणार नाही, आणि ते मोडीत काढण्यासारखेही नाही. बाहेरची हवा गरम करणे, तिला ओलावा देणे आणि ती गाळून पुढे पाठवणे ही कामे नाक उत्तम करते. नाकपुडीतून थोडे आत गेले की श्वासमार्गातील सर्वांत अरुंद जागा लागते, त्यापुढे दोन्ही बाजूंना ओलसर अस्तराने मढवलेल्या हाडांच्या वळकट्या असतात आणि शेवटी हवेला घशाकडे जवळजवळ काटकोनात खाली वळावे लागते. हवा वळते, पण तिच्यासोबत वेगाने येणारा जड कण तितक्या चपळाईने वळू शकत नाही. तो समोरच्या ओल्या भिंतीवर आदळतो आणि तिथेच चिकटतो. संपूर्ण श्वासमार्गात हवेला होणाऱ्या अडथळ्यापैकी साधारण निम्मा एकट्या नाकात होतो, यावरून ही गाळणी किती घट्ट आहे याची कल्पना यावी. म्हणून चालताना, झोपताना, प्राणायामात, पिठाच्या गिरणीत किंवा धुळीच्या रस्त्याने जाताना नाकानेच श्वास घ्यावा, हा आग्रह रास्त आहे. फक्त धूळ कोणती आणि औषध कोणते, हा भेद नाकाला करता येत नाही. ते दोन्ही सारख्याच निष्ठेने अडवते.

नेब्युलायझर औषधाच्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार करतो. या तुषारांचे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. ढोबळमानाने १ ते ५ मायक्रॉनचे तुषार फुप्फुसांतील बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतात, त्याहून मोठे बहुतांशी नाकात, तोंडात आणि घशात अडकतात, तर १ मायक्रॉनहून लहान असलेल्यांपैकी बरेचसे न टेकताच उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. कंप्रेसरच्या साध्या मशीनमधून सगळ्या मापांचे तुषार मिसळूनच निघतात. त्यातच काही औषध कपाच्या भिंतींना चिकटून राहते आणि बरेचसे श्वास सोडताना हवेत उडून जाते. परिणामी, पद्धत अगदी बरोबर असली तरी कपात घातलेल्या औषधाचा जेमतेम दहावा हिस्सा फुप्फुसांत उतरतो. मात्रा ठरवताना ही गळती धरलेलीच असते, त्यामुळे तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र तोंड मिटून नाकाने ओढले की या दहाव्या हिश्श्यातलेही सुमारे निम्मे औषध नाकातच राहते. म्हणजे मामा सध्या दहा मिनिटे मशीनपुढे निष्ठेने बसतात खरे, पण डॉक्टरांनी जेवढे औषध छातीत पोहोचेल असे धरले आहे त्याच्या निम्मेच पोहोचत असण्याची शक्यता मोठी आहे.

मामांना हे त्यांच्याच कामाच्या भाषेत सांगून पाहा. फाउंड्रीत मोल्डिंगची वाळू, साचा फोडताना उठणारा धुरळा आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या, ग्राइंडरवरची धूळ त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. त्यातला जाडा भाग नाकाने अडवला. संध्याकाळी घरी येऊन नाक शिंकरले की रुमालावर जे काळे उमटायचे, तो हाच. फुप्फुसांचे नुकसान करणारी धूळ डोळ्यांना दिसतच नव्हती, कारण ती अवघ्या काही मायक्रॉनची होती आणि नाकाच्या गाळणीतूनही निसटून थेट खोल जात होती. औषधाचे तुषार मुद्दाम त्याच मापाचे केले जातात, कारण जिथवर ती धूळ गेली तिथवरच औषधाला जायचे आहे. नाकाची गाळणी धुळीसाठी अपुरी पडली आणि औषधासाठी मात्र नको इतकी पुरते, ही त्यातली विचित्र गोष्ट आहे. म्हणून या दहा मिनिटांपुरती ती वगळून तोंडाच्या रुंद वाटेने औषध आत घ्यायचे. मशीन बंद झाले की मामांनी पुन्हा खुशाल नाकाने श्वास घ्यावा. त्याने गुरुजींच्या शिकवणुकीला काही बाधा येत नाही.

मग मास्क का दिला, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. मास्क ही सोयीची वस्तू आहे. लहान मूल, झटक्याने थकलेला रुग्ण, ओठ घट्ट मिटता न येणारी म्हातारी व्यक्ती यांना माउथपीस धरणे जमत नाही, तेव्हा मास्क लावतात. दवाखान्यात घाईच्या वेळी तो सर्वांनाच लावतात आणि मग तोच घरी येतो. मास्क लावून तोंड उघडे ठेवले आणि तोंडाने श्वास घेतला तर औषध पुरेसे मिळते, म्हणून सिस्टरांनी तसे सांगितले. अडचण अशी की नाक झाकलेले असले की माणूस नकळत नाकाने श्वास घेऊ लागतो, आणि ज्याला ती सवय योगवर्गातून जाणीवपूर्वक लागलेली आहे तो तर हमखास घेतो. त्यातून मामांच्या मिशा कोल्हापुरी थाटाच्या असतील, तर मास्कची कड गालांना टेकतच नाही आणि निम्मे तुषार मिशांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, ते निराळेच.

माउथपीस म्हणजे औषधाच्या कपावर बसणारी प्लॅस्टिकची चपटी नळी. बऱ्याच मशीनच्या खोक्यात ती असतेच. बहुतेक घरांत ती पिशवीतून कधी बाहेरच निघालेली नसते. नसेल तर औषधांच्या दुकानात मिळते, फक्त आपल्या कपाला बसणारी आहे ना, हे पाहून घ्यावे. मामांनी पाठ सरळ ठेवून खुर्चीत बसावे, झोपून घेऊ नये. नळी दातांच्या मध्ये धरून ओठ तिच्याभोवती मिटावेत, जीभ नळीच्या खाली ठेवावी आणि एरवीसारखाच संथ श्वास घ्यावा. मधूनमधून एखादा श्वास थोडा खोल घेऊन दोन-तीन सेकंद रोखून मग सोडला तर चांगलेच, परंतु प्रत्येक श्वास ओढून-ताणून घेऊ नये. त्याने चक्कर येते, आणि वेगाने ओढलेले तुषार घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच थांबतात. इथे भस्त्रिकेचा सराव कामाचा नाही, संथ श्वासाचा मात्र आहे. मामांची कवळी सैल असेल आणि त्यामुळे ओठ नळीवर नीट बसत नसतील, तर मास्कच ठेवावा. पण तोंड उघडे ठेवायची आठवण करून द्यावी लागेल.

श्वास तोंडानेच जातो आहे की नाही, हे तुम्हाला समोर बसून पाहता येईल. खिडकीकडे पाठ करून बसू नका; उजेड तुषारांवर आडवा पडेल असे बसा. साध्या कपाच्या नळीचे दुसरे टोक उघडे असते आणि त्यातून सतत पांढरट धुके निघत असते. तोंडाने श्वास आत घेतला की ते धुके क्षणभर आत ओढले जाऊन जवळजवळ नाहीसे होते आणि श्वास सोडला की भसकन बाहेर येते. नळी तोंडात असूनही धुके एकसारखे, न थांबता बाहेर वाहतच राहिले, तर मामा नळी तोंडात धरून श्वास मात्र नाकाने घेत आहेत असे समजावे. सुरुवातीचे एक-दोन दिवस दोन बोटांनी नाक हलकेच धरले तरी चालते. मग सवय होते. काही कपांना श्वासाबरोबर उघडझाप करणारी झडप असते, त्यांत हे धुके इतके स्पष्ट दिसत नाही. तुषार बाहेर येईनासे झाले आणि कप फुरफुरू लागला की त्याला बोटाने टिचकी मारावी, भिंतीवरचे थेंब खाली उतरतात; त्यानंतरही काही निघत नसेल तर औषध संपले असे समजावे. तळाशी सुमारे मिलिलिटरभर औषध नेहमीच उरते आणि बुडेकॉर्टची छोटी कुपी तर दोनच मिलिलिटरची असते. म्हणूनच डॉक्टर तिच्यात नॉर्मल सलाइन (मिठाचे निर्जंतुक पाणी) मिसळायला सांगतात. तुम्हाला सांगितले नसेल तर विचारून घ्या. उकळून गार केलेले पाणी सलाइनऐवजी वापरू नये, कारण साध्या पाण्याच्या तुषारांनी श्वासनलिका आकसू शकतात.

आता काचबिंदू. ड्युओलिनमध्ये लेव्होसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम अशी दोन औषधे असतात. त्यांपैकी इप्राट्रोपियम डोळ्यांत गेले तर बाहुली विस्फारते, आणि ज्यांच्या डोळ्यांतील पाणी वाहून जाण्याचा कोन अरुंद आहे अशा लोकांमध्ये डोळ्यांतील दाब एकदम वाढू शकतो. मास्क नाकाच्या उंचवट्यापाशी सैल असेल तर तिथून निघणारे तुषार सरळ डोळ्यांकडे जातात. म्हणजे मामांना माउथपीस देण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा हेच अधिक निकडीचे आहे. मशीन लावल्यावर डोळा लाल होणे, दुखणे, अंधुक दिसणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे असे काही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, काचबिंदूच्या थेंबांची बाटली हातात घेऊन तिच्यावरचे औषधाचे नाव वाचा. ते टिमोलॉल असेल, किंवा दोन औषधांच्या मिश्रणात टिमोलॉल असेल, तर ही बाटली मामांच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. डोळ्यांत घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातो, आणि टिमोलॉल श्वासनलिका आकसवणाऱ्या गटातले औषध आहे. दमा किंवा सीओपीडी असलेल्या माणसाला एका डॉक्टरांनी श्वासनलिका रुंद करणारे औषध द्यावे आणि दुसऱ्यांनी नकळत उलट परिणामाचे थेंब द्यावेत, असे घडते. दोघांचाही त्यात दोष असतो असे नाही, एकमेकांच्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे आलेल्या नसतात. मात्र थेंब स्वतःहून बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दुसऱ्या गटातले थेंब उपलब्ध आहेत, बदल नेत्रतज्ज्ञच करतील.

मुलीकडे येऊ. तान्ही बाळे पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यांना ‘तोंडाने घे’ म्हणून काही उपयोग नसतो. त्यांना मास्कच लागतो. साडेचार वर्षांच्या मुलीला मात्र माउथपीस शिकवता येते. औषध न घालता, मशीन बंद ठेवून, शहाळ्यातले पाणी स्ट्रॉने ओढतात तसे ओढायला सांगून दोन-चार दिवस खेळवा. नाही जमले तर मास्क वापरा, पण मुलांच्या मापाचा. आजोबांचा मास्क तिच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांवर जातो, त्यातून काही साधत नाही. मूल रडते किंवा झोपले आहे म्हणून पुष्कळ आया मास्क तोंडापासून थोडा लांब धरून ‘वाफ’ लागू देतात. त्याने आईचे समाधान होते, मुलाला औषध मिळत नाही; सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची फट पडली तरी आत जाणारी मात्रा निम्म्याहून खाली येते. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर मास्क जोराने दाबूनही भागत नाही, कारण रडताना उच्छ्वास लांब आणि श्वास तुटक, झटक्याचा असतो, आणि औषध घशातच राहून गिळले जाते. तिला मांडीवर बसवा, गोष्ट सांगा, शांत होऊ द्या. नाक चोंदले असेल तर आधी सलाइनचे थेंब घालून ते साफ करा.

स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळकांड्याला) जोडलेला पंप, म्हणजे इनहेलर, हा मुलांसाठी दुसरा मार्ग आहे, आणि दम्याच्या बहुतेक साध्या-मध्यम झटक्यांत तो नेब्युलायझरइतकाच गुण देतो, शिवाय वेळ फारच कमी लागतो. मशीनचा आवाज आणि धुके पाहून घरच्यांना औषध ‘जोरात’ चालले आहे असे वाटते, एवढाच फरक. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारा. जवळपास पाचट जाळत असतील किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर घराकडे येत असेल, तेव्हा तिला आत ठेवून खिडक्या लावून घ्या. आणि मशीन एकच असले तरी आजोबांचा आणि नातीचा कप, नळी, मास्क वेगळे असायलाच हवेत.

निलगिरीचे तेल, कापूर, बाम, यांतले काहीही कपात घालू नये. तेलाचे तुषार फुप्फुसांत गेले की ते तिथून सहज निघत नाहीत आणि त्यांच्यामुळे न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. दमेकऱ्याला तर वासानेच झटका येऊ शकतो. पातेल्यातली वाफ नाक मोकळे करते, तिचे काम तिथेच संपते. नेब्युलायझरमधून येते ती वाफ नव्हेच, ती औषधाची गार फवार आहे आणि ती गार लागते म्हणून बाधत नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत औषधाविनाच नेब्युलायझर लावला तर ऑक्सिजनची गरज भागते असा एक व्हिडिओ सर्वदूर फिरला होता, हायड्रोजन पेरॉक्साइड ओढण्याचे सल्लेही त्या काळात दिले गेले. पहिला खोटा होता आणि दुसरा घातक.

कोणाला औषध नाकासाठीच हवे असेल, म्हणजे सर्दी, ॲलर्जी, सायनसचा त्रास असेल, तर हे मशीन लावून नाकाने ओढावे का, असेही पुष्कळजण विचारतात. नाकाच्या पुढच्या भागात तुषार बसतात, परंतु सायनसच्या पोकळ्यांची तोंडे बारीक असल्यामुळे साध्या नेब्युलायझरचे औषध तिथे फारसे शिरत नाही. त्यासाठी नाकात मारायचा स्प्रे आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्याने नाक धुणे हेच उपयोगी पडते. इथे जलनेती करणाऱ्या गुरुजींचे ज्ञान नक्कीच कामाला येईल.

बुडेकॉर्टनंतर मामांनी आणि मुलीने दोघांनीही चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. मास्क लावला असेल तर चेहराही धुवावा. प्रत्येक वेळी कप आणि नळी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पाणी झटकून, स्वच्छ कपड्यावर कोरडी होऊ द्यावीत. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच लवकर सुकत नाही. तेव्हा मशीन दोन मिनिटे रिकामे चालवून हवेने कप वाळवावा. मशीनची लांब रबरी नळी मात्र धुऊ नये.

आणि एक खूण घरातल्या सर्वांना ठाऊक असू द्या : औषध दिल्यानंतरही मामांना एक वाक्य सलग बोलता येत नसेल, मुलीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराच्या आतच पुन्हा मशीन लावावेसे वाटत असेल, तर नाक-तोंडाचा विचार करत बसू नका, १०८ला फोन करा किंवा कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा जवळचे कोणतेही रुग्णालय, तिथे लगेच घेऊन जा, आणि जाताना औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर ती डोळ्यांच्या थेंबांची बाटलीही घ्या.